गोळी घेऊन येऊर चढणाऱ्या मैत्रिणीस

प्रिय ताई,

मी ३६ वर्षांची आहे. ठाण्यात वर्तकनगरला राहते, शाळेत शिकवते. धाकटीच्या बाळंतपणापासून कंबर दुखायची. सगळे म्हणायचे, बाळंतपणानंतर दुखतेच. शेक, मालिश, पट्टा सगळं करून झालं. शेवटी गेल्या वर्षी अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसचं, म्हणजे कण्याला सूज आणणाऱ्या संधिवाताचं, निदान झालं. सध्या एटोरिकॉक्सिब ही दुखण्या-सुजेवरची गोळी चालू आहे. फरक पडला नाही तर इंजेक्शनं द्यावी लागतील, असं डॉक्टर म्हणाले आहेत.

निदानाच्या आधीपासून मी धावते. आमचा ग्रुप रविवारी पहाटे साडेपाचला उपवन तलावाशी जमतो आणि येऊरचा डोंगर चढतो. धावून आलं की दिवसभर अंग मोकळं वाटतं. डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा भागातल्या डोंगरी शर्यतीत २५ किलोमीटर करायचं सगळ्यांनी ठरवलंय. मलाही करायचंय. पण हल्ली सकाळी उजवी टाच टेकवत नाही. मोठ्या रनच्या आधी मेडिकलमधून आणलेली आयब्युप्रोफेन घेते, मग निभावतं. डॉक्टरांना धावण्याचं सांगितलेलं नाही, ते बंदच करा म्हणतील.

गणपतीत मोदक करायला खाली बसले आणि उठताच येईना. सासूबाई म्हणाल्या, "येऊर चढताना बरी दुखत नाही!" तेव्हापासून घरात दुखतंय म्हणायचीही चोरी झाली आहे. मध्ये आठवडाभर डावा डोळा लाल होता, उजेड सहन होत नव्हता. साथ चालू होती म्हणून घरात होते ते ड्रॉप घातले. कालपासून परत लाल वाटतोय. मी तयारी कशी करू? की हा नादच सोडू?

— एक धावणारी, वर्तकनगर

प्रिय मैत्रीण,

तयारीबद्दल पुढे सविस्तर लिहिते, आधी डोळ्याचं. हे वाचाल त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. उद्यावर टाकू नका, आणि ते उरलेले ड्रॉप पुन्हा घालू नका. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ असते, म्हणून लाल डोळा दिसला की आपण तो साथीच्या नावावर टाकून मोकळे होतो. पण साथीत डोळा चिकटतो, चिपडं येतात, खाज सुटते आणि बहुतेक वेळा एकाचं दुसऱ्या डोळ्यात जातं. तुम्ही लिहिलंय ते वेगळं आहे. एकच डोळा, उजेडाचा त्रास, बरं वाटल्यावर पुन्हा लाली. तुमचा आजार असलेल्या चारांपैकी एकाला तरी आयुष्यात कधी ना कधी डोळ्याच्या आतल्या भागाला सूज येते. तिला युव्हिआयटिस म्हणतात. ती आरशात बघून ओळखता येत नाही, डॉक्टरांना स्लिट लॅम्प नावाच्या यंत्रावर डोळा तपासावा लागतो. उपचार वेळेवर सुरू झाले तर डोळा सहसा पूर्ण बरा होतो. अंगावर काढलं तर बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटते, डोळ्यातला दाब वाढतो, नजर कायमची अधू होऊ शकते. तिथे गेल्यावर पहिलंच वाक्य "मला अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस आहे" हे बोला. नंतर तुमच्या संधिवाततज्ज्ञांनाही डोळ्याचं कळवा, कारण पुढे इंजेक्शन द्यायची वेळ आली तर कोणतं निवडायचं हे त्यावरही ठरतं.

आता गोळीबद्दल. तुमच्या पत्रात ती एका वाक्यात येऊन गेली आहे, पण मला रात्री झोप लागू दिली नाही ती त्या वाक्याने. एटोरिकॉक्सिब आणि आयब्युप्रोफेन या एकाच घराण्यातल्या गोळ्या आहेत. एक डॉक्टरांनी दिलेली, दुसरी तुम्ही स्वतः वर चढवलेली. म्हणजे रविवारी पहाटे तुमच्या पोटात एकाच प्रकारच्या औषधाचा दुहेरी डोस असतो. वर घाम, आणि बहुधा रिकामं पोट.

असं का नको ते समजून घ्या, म्हणजे ग्रुपमध्ये कोणी पुढे केली तरी हात मागे येईल. आपण जोरात धावतो तेव्हा रक्ताचा मोठा वाटा पायांच्या स्नायूंकडे आणि अंग थंड ठेवायला कातडीकडे जातो. मूत्रपिंडाकडचा पुरवठा घटतो. तो अगदीच तुटू नये म्हणून शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करून तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवतं. या गोळ्या नेमकी तीच द्रव्यं अडवतात. त्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असलं, आणि ठाण्यातल्या ऑक्टोबरच्या दमट उन्हात ते होणारच, तर मूत्रपिंडावर सगळ्या बाजूंनी ताण येतो. लांब पल्ल्याच्या धावपटूंवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८९ धावपटूंना ८० किलोमीटरच्या टप्प्यात आयब्युप्रोफेन किंवा तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली होती. बिनऔषधाच्या गटात ३४ टक्क्यांच्या मूत्रपिंडाला अचानक इजा झालेली दिसली, आयब्युप्रोफेनच्या गटात ५२ टक्क्यांच्या. गट लहान होते, आणि तुम्ही ८० किलोमीटर धावत नाही, हे खरं. पण तुम्हाला रोजची दुसरी गोळीही चालू आहे.

दुसरं नुकसान आजच होतंय. गोळी घेतल्यावर टाचेचं दुखणं तासाभराने ऐकू येईनासं होतं, पण टाच तिथेच असते. पूर्ण चढ आणि पूर्ण उतार तुम्ही सुजलेल्या टाचेवर काढता आणि त्याचा हिशेब सोमवारी सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवताना मिळतो. टाच "हल्ली" बिघडली असं तुम्ही लिहिता. गोळी कधीपासून घेता तेही आठवून बघा.

गैरसमज नको म्हणून लिहिते. डॉक्टरांनी दिलेली एटोरिकॉक्सिब माझं वाचून बंद करू नका. या आजारात ती उपचाराचाच भाग आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, औषधांचा डोस ठरवणं माझं काम नाही. बंद करायची आहे ती वरची, स्वतःच्या मनाने घेतलेली. आणि लांब धावायच्या दिवशी रोजची गोळी किती वाजता घ्यायची, घ्यायची की नाही, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा आहे. त्यासाठी त्यांना आधी सांगावं लागेल की तुम्ही धावता.

ते बंदच करा म्हणतील, ही तुमची भीती मला ओळखीची आहे. माझ्याकडे येणारे कितीतरी जण या भीतीपायी डॉक्टरांपासून अर्धं आयुष्य लपवतात. पण तुमच्या आजारात व्यायाम हा औषधाइतकाच महत्त्वाचा उपचार मानला जातो, आणि संधिवाततज्ज्ञांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. डॉक्टर नाही म्हणतात ते सहसा अर्धवट माहितीवर. "मी थोडी धावते" म्हटलं तर त्यांच्या डोळ्यांसमोर काहीही येऊ शकतं. म्हणून कागदावर लिहून न्या: आठवड्यात किती दिवस, किती वेळ, किती चढ, शर्यत कधी आणि कुठे, आयब्युप्रोफेन किती वेळा घेतली. सगळं खरं.

आणि हे विचारा. माझ्या एक्स-रे किंवा एमआरआयमध्ये मणके कुठे जुळून यायला लागलेत का? हाडांची घनता तपासायला हवी का, व्हिटॅमिन डी किती आहे? मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आणि रक्तदाब केव्हा बघितला होता? टाचेमागच्या स्नायूच्या शिरेची सोनोग्राफी करायची का? यातला पहिला प्रश्न डोंगरासाठी सगळ्यात मोठा आहे. या आजारात काही जणांचे मणके कालांतराने एकमेकांना जुळतात. असा कणा साध्या पडण्यानेही मोडू शकतो, आणि हाडं ठिसूळ झाली असतील तर धोका आणखी वाढतो. तुमच्या एक्स-रेमध्ये तसं काही असेल तर घसाऱ्यावरून धावत उतरणं हा विषय संपला, असं मी स्पष्ट सांगेन. चढणं, चालणं, पोहणं, सपाटीवर धावणं तरीही उरेल. तसं काही नसेल, आणि निदानाला जेमतेम वर्ष झालंय म्हणून मला आशा आहे की नसेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

तुम्हाला दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि दोन्ही एकाच नावाने हाक मारली की घोळ होतो. पहिलं आजाराचं. ते पहाटे जागं करतं, उठल्यावर अर्धा-पाऊण तास अंग आखडलेलं ठेवतं, बसून राहिलं की वाढतं आणि हालचाल केली की सुटतं. कंबरेच्या खाली, कधी उजवीकडे कधी डावीकडे, ढुंगणाच्या आत खोल. दुसरं दुखापतीचं. ते एका जागी बोट ठेवून दाखवता येतं, धावताना वाढत जातं आणि दुसऱ्या दिवशी जास्त असतं. पहिल्यात हळूहळू हलायचं असतं, दुसऱ्यात थांबायचं असतं. तुमची टाच मात्र दोन्हींच्या मध्ये आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त लिहिते.

या आजारात स्नायूची शीर जिथे हाडाला चिकटते तिथेच सूज येते. टाचेच्या मागे अकिलीसची शीर जिथे रुतते ती तिची आवडती जागा. उभ्या चढावर टाच खाली आणि बोटं वर राहतात, तेव्हा ही शीर ताणली जाते आणि वर टाचेच्या हाडावर दाबलीही जाते. सुजलेल्या जागेला हा दाब सोसत नाही. ग्रुपमध्ये कोणीतरी नक्की सांगितलं असेल की जिन्याच्या पायरीवर चवड्यांनी उभं राहून टाच खाली सोडायची. हा व्यायाम शिरेच्या मधल्या भागाच्या दुखण्यात चांगला. तुमचं दुखणं अगदी हाडापाशी असेल तर तो त्रास वाढवतो. तुम्ही सपाट फरशीवर उभं राहून, ओट्याला हात टेकून, टाचा सावकाश वर उचला आणि सावकाश खाली आणा, फरशीच्या खाली नाही. आधी दोन्ही पायांवर, मग महिन्याभराने जमेल तसं एकावर. बुटात टाचेखाली लहानसा उंचवटा घालून बघा. टाच आणि चवडा एकाच पातळीवर असलेले बूट सध्या नकोत, कोणी कितीही कौतुक केलं तरी. चढ अगदी उभा असेल तर सरळ वर न जाता नागमोडी चढा, म्हणजे टाच कमी खाली जाते. हातात दोन काठ्या घ्या. काठ्या वापरणं कमीपणाचं वाटून घेणारे लोक मला भेटतात. शर्यतीत परवानगी असेल तर अनुभवी डोंगरपटूही त्या वापरतात.

आता ती पहाट. साडेपाच ही वेळ तुमच्या शरीरासाठी दिवसातली सगळ्यात वाईट आहे. रात्रभर न हलल्याने कणा आखडलेला, सूज वर आलेली, आणि त्यातच तुम्ही रिक्षातून उतरून पाच मिनिटांत येऊरच्या चढाला लागता. ग्रुपमधल्या इतरांना ही अडचण नाही, म्हणून त्यांना ती दिसणारही नाही. गोळीची सवय बरीचशी या वेळेमुळे लागली असावी, असं माझं मत आहे. रविवारी एक तास उशिरा निघा. उठल्यावर कढत पाण्याने आंघोळ, मग वीस मिनिटं घरात हालचाल: चटईवर गुडघे आणि हात टेकून पाठ वर-खाली करणं, कुशीवर झोपून छाती उघडणं, नितंबांचे सांधे गोल फिरवणं, भिंतीला पाठ टेकून खोल श्वास. हा श्वास टाळू नका. बरगड्या जिथे कण्याला जोडल्या जातात तिथेही हा आजार बसतो आणि छाती पूर्ण फुगेनाशी होते. चढावर दम लागतो तेव्हा ते आधी कळतं. मग उपवनच्या तलावाकाठी पंधरा मिनिटं चाला आणि त्यानंतर चढाला लागा. उशिरा निघण्याचा आणखी एक फायदा आहे. येऊर बिबट्यांचं घर आहे आणि उजाडायच्या आधी त्या वाटा त्यांच्या असतात. गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच राहा, आत जंगलात शिरू नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथल्या पायवाटांवर जाता येत नाही.

आठवडा साधा ठेवा. शाळेनंतर संध्याकाळी दोनदा अर्धा-पाऊण तास सपाटीवर, बोलत बोलत धावता येईल इतक्याच वेगाने. संध्याकाळी तुमचं अंग सुटलेलं असतं, त्या वेळेचा फायदा घ्या. दोन दिवस ताकदीचे: उठाबशा खुर्चीपर्यंत, पायरीवरून सावकाश खाली उतरणं, पोट आणि नितंब, वर लिहिलेल्या टाचा. एक दिवस महापालिकेच्या तरणतलावात, पोहता येत नसेल तर पाण्यात चालणंही चालेल. एक दिवस डोंगराचा. एक दिवस काहीच नाही, आणि त्या दिवशी वह्या तपासायला सलग तीन तास बसू नका, दर अर्ध्या तासाने उठा.

डोंगराच्या दिवशी किलोमीटर मोजायचं सोडा. ते सडकेचं माप आहे. किती तास पायावर होतो आणि किती मीटर चढलो ते लिहा. राजगड आणि तोरणा दोन्ही समुद्रसपाटीपासून १३५० मीटरच्या वर आहेत. तिथल्या २५ किलोमीटरला शहरातल्या २५ किलोमीटरच्या दुप्पट वेळ सहज लागतो, आणि उभे चढ जवळपास सगळे चालतच काढतात. म्हणून तुम्हीही येऊरचा चढ झपझप चालत चढा, धावत नाही. दम भरपूर लागेल, कण्याला हादरे बसणार नाहीत. खरा भार उताराचा असतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला रोखून धरतो आणि प्रत्येक पावलाचा धक्का कंबरेत जातो. लहान पावलं टाका, पाय शरीराच्या खालीच पडू द्या, लांब टाकून टाचेवर आपटू नका. पहिला महिना उतार चालतच उतरा. दुसऱ्या महिन्यात रस्त्यावरचा सौम्य उतार थोडा थोडा धावा. दगडधोंड्यांचा, घसाऱ्याचा उतार धावायची गरज शर्यतीतही नाही. लोक पुढे जातील. जाऊ द्या.

एका आठवड्यात वेळ वाढवली तर चढ वाढवू नका. चौथ्या आठवड्यात सगळंच कमी करा, बरं वाटत असलं तरी. आणि कसं चाललंय ते रविवारच्या दमावरून न ठरवता सोमवारच्या सकाळवरून ठरवा. एका वहीत रोज तीन गोष्टी लिहा: पहाटे जाग आली का, उठल्यावर आखडलेपण किती वेळ टिकलं, टाचेचं दुखणं दहापैकी किती. धावताना तीनपर्यंत दुखलं आणि सोमवारी नेहमीइतकंच असलं तर पुढे चला. सोमवारी वाढलं तर पुढचा डोंगर अर्धा. लंगडायला लागलात तर तिथूनच खाली चालत या, रिक्षा करा. ही वही डॉक्टरांनाही दाखवा. औषध लागू पडतंय का हे ठरवायला तिचा रक्ताच्या रिपोर्टइतकाच उपयोग होतो.

आजार मध्येच उसळेल, हे धरून चला. डिसेंबरच्या आत निदान एकदा तरी. आठवडाभर झोप नाही, कंबर पेटलेली, अंगात त्राण नाही. त्या आठवड्यात धावणं पूर्ण बंद, पण पलंगही नको. घरातल्या हालचाली, पाण्यात चालणं, संध्याकाळी सपाटीवर फेरी. बुडलेलं अंतर पुढच्या आठवड्यात भरून काढायला जाऊ नका. ते भरून निघत नसतं, नवा त्रास मात्र होतो. ताप, खोकला, अंगदुखी असेल तर ताप उतरून बरं वाटेपर्यंत बुटाला हात लावायचा नाही. विषाणूच्या तापात जोरात धावलं तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो, आणि पावसाळ्यानंतर ठाण्यात डेंग्यू-चिकुनगुनियाही असतात. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत तापात आयब्युप्रोफेन तर अजिबात नको, आणि रोजची एटोरिकॉक्सिब चालू ठेवायची का हेही त्याच दिवशी फोन करून विचारा.

इंजेक्शनांची भीती मनातून काढा. ही इंजेक्शनं, म्हणजे बायोलॉजिक औषधं, सुरू झाली म्हणजे आजार हाताबाहेर गेला, असं नाही. उशिरा सुरू केल्याने काहींचा कणा आखडून गेला आहे, आणि वेळेवर सुरू केल्याने काही जण पुन्हा जिने भराभर चढू लागले आहेत, दोन्ही मी पाहिलंय. सुरू करण्याआधी सुप्त क्षयरोगाची तपासणी करतात, आपल्याकडे ती टाळण्यासारखी नाही. ही औषधं चालू असताना जंतुसंसर्ग लवकर वाढतो, म्हणून पायाला खरचटलं असेल तर चिखल-पाण्यातून जाऊ नका. साचलेल्या पाण्यातून लेप्टो होतो हे मुंबई-ठाण्यात वेगळं सांगायला नको. ताप आला तर पुढचं इंजेक्शन घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. शर्यतीसाठी इंजेक्शन पुढे ढकलायचा विचार मनात आला असेल तर तो मात्र सोडून द्या. शर्यत पुढच्या वर्षीही असेल.

ग्रुपमधलं कोणी गुळवेलीचा काढा सुचवेल. नका घेऊ. तो घेतल्यावर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत, आणि प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या सांध्यांवर उलटलेल्या माणसाला ती आणखी चेतवायची नसते.

सासूबाईंचं बोलणं तुम्हाला किती लागलं असेल ते मला कळतं. पण त्यांच्या बाजूने एकदा बघा. त्यांच्या वयाच्या बहुतेक बायकांची गुडघेदुखी झिजेची असते. चाललं की दुखतं, बसलं की थांबतं. दुखणं म्हणजे काय हे त्यांना स्वतःच्या गुडघ्यांनी शिकवलंय आणि त्या हिशेबाने तुमचं वागणं त्यांना खोटं वाटणारच. पाटावर तासभर मोदक वळत बसल्यावर उठता न येणं आणि रविवारी येऊर चढून आल्यावर बरं वाटणं, हे तुमच्या आजाराचं एकच लक्षण आहे, दोन बाजूंनी दिसलेलं. हे त्यांना तुम्ही सांगितलंत तर सबब वाटेल. पुढच्या तपासणीला त्यांना किंवा तुमच्या यजमानांना बरोबर न्या आणि डॉक्टरांनाच विचारा, "बसल्यावर का वाढतं?" उत्तर त्यांच्या कानावर डॉक्टरांच्या तोंडून पडू द्या. घरात दुखतंय म्हणायची चोरी ठेवू नका. लपवलेल्या दुखण्यानेच तुम्हाला त्या मेडिकलच्या दुकानात नेलं. आणि पुढच्या गणपतीत मोदक टेबलावर उभ्याने वळा. कळ्या तशाच पडतात.

आता शर्यत. निर्णय आज घेऊ नका. नोव्हेंबरच्या मध्यावर वही उघडून बसा. वरची गोळी न घेता चार-पाच तास डोंगरात चालून-धावून झालेले असतील, त्यानंतरची सोमवारची सकाळ नेहमीसारखी गेली असेल, टाच तीनच्या वर जात नसेल, आणि डोळ्यांचे व सांध्यांचे दोन्ही डॉक्टर हो म्हणाले असतील, तर २५ करा, आणि ठरलेल्या वेळेच्या आत पोहोचणं एवढंच ध्येय ठेवा. यातलं एक जरी झालं नसेल तर लहान अंतराच्या गटात नाव घाला किंवा ग्रुपबरोबर जाऊन पाण्याच्या टेबलावर उभ्या राहा. गोळी घेतली तरच जमणार असेल तर ते जमत नाहीये, असंच धरा. शर्यतीनंतर लघवी चहासारखी काळपट झाली किंवा होईनाशी झाली, शौचाला काळं झालं, पडल्यावर पाठीत किंवा मानेत नवीन जोराची कळ आली, पायांना मुंग्या येऊन ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर घरी जाऊन बघू असं म्हणायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. पाठीत कळ आली असेल तर स्वतः उठून चालूही नका, मदत येईपर्यंत आहात तिथेच पडून राहा.

नाव नोंदवताना अर्जात वैद्यकीय माहितीचा रकाना असतो. बहुतेक जण तिथे "काही नाही" लिहितात. तुम्ही आजाराचं पूर्ण नाव, चालू असलेली औषधं आणि यजमानांचा नंबर लिहा, आणि तेच एका चिठ्ठीवर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाठपिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवा. ग्रुपमधल्या जिच्या बरोबरीने तुम्ही धावता, तिला ती चिठ्ठी कुठे आहे ते दाखवून ठेवा.